पिशवी उघडण्याआधी

रात्री साडेअकराला फोंड्याहून भाच्याचा फोन आला. “मामा, मासे पावले. पिशवीची गाठ सोडू?”

चेन्नईहून निघालेली थर्माकोलची पेटी दीड दिवस वाटेत होती. आत दोन पिशव्या, एकेकीत एकेक क्लाउनफिश. केशरी अंग, तीन पांढरे पट्टे, लांबी बोटाच्या दीड पेराएवढी. व्हिडिओ कॉलवर त्यानं एक पिशवी दिव्यासमोर धरली. पाणी पिवळट, तळाशी विष्ठेचे धागे, वर ऑक्सिजनचा फुगा. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशवी उघडायची आणि तिच्यात टाकीतलं पाणी दोन तास थेंबथेंब सोडायचं, असं त्यानं वाचलं होतं. नळी, बादली, चिमटा मांडून बसला होता.

“गाठीला हात लावू नकोस,” मी म्हटलं. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं की माणूस माशाच्या आधी पाण्याकडे बघतो, त्यातला प्रकार.

मासा अमोनिया बाहेर टाकतो तो मुख्यतः कल्ल्यांतून. कार्बन डायऑक्साइडही तिथूनच. बंद पिशवीत दोन्ही साचत राहतात. पण कार्बन डायऑक्साइड विरघळत गेला की पाणी आम्लाकडे झुकतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) एरवी ८.२ च्या आसपास असतो, तो पिशवीत सातकडे घसरतो. माशाचा जीव तगतो तो या घसरणीमुळे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक मोकळा अमोनिया, हा कल्ल्यांतून थेट रक्तात शिरतो. दुसरं अमोनियम, विद्युतभार बाळगणारं, त्याला पेशीच्या पडद्यातून सहज वाट मिळत नाही. पीएच ७ असताना शंभर भागांतला जेमतेम अर्धा भाग मोकळा असतो, ८.२ ला सहा-सात भाग. पीएच एका अंकानं चढला की मोकळा अमोनिया जवळपास दहापट.

थोडक्यात, दीड दिवस त्या माशानं स्वतःच्या श्वासाच्या जोरावर स्वतःचंच विष बांधून ठेवलं होतं. गाठ सोडली की सोड्याच्या बाटलीसारखा कार्बन डायऑक्साइड उडायला लागतो आणि पीएच वर सरकतो. त्यात टाकीतलं ८.२ चं पाणी थेंबथेंब पडलं तर आणखी वेगानं. साचलेला अमोनिया तेवढाच, पण आता तो चावरा होतो. आणि मासा त्यात दोन तास बसणार, त्याला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून!

म्हापशाच्या दुकानातून पणजीला, तासाभरात मासा आणला असेल तर थेंब पद्धत चालते, कारण तेवढ्यात फारसा अमोनिया साचलेलाच नसतो. लांबून आलेल्या पिशवीचा हिशेब वेगळा.

सुदैवानं पोरानं एक शहाणपण केलं होतं. पाठवणाऱ्याला पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचं माप, आधीच विचारून ठेवली होती: १.०२०. पुष्कळ विक्रेते मिठाचा खर्च वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला पाणी असं हलकं ठेवतात. नवे मासे मोठ्या टाकीत सोडण्याआधी वेगळे ठेवायला भाच्यानं एक टब भरला होता, त्यातलं पाणी होतं १.०२५, अस्सल समुद्राइतकं. फरक आकड्यात किरकोळ वाटतो, माशाला तो किरकोळ नसतो. समुद्री माशाच्या रक्तातलं क्षारांचं प्रमाण बाहेरच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. भर समुद्रात राहून तो कायम तहानलेला. तो समुद्र पितो, आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींकडून बाहेर फेकतो. या पेशींना नव्या कामाचा जोर यायला दिवस लागतात. म्हणून जास्त खारटातून कमी खारटात जाणं त्याला तुलनेनं सोपं, उलटं जाणं महागात.

मग पिशव्या न उघडता टबात तरंगत ठेवल्या, तापमान जुळायला. तेवढ्या वेळात टबातलं थोडं खारं पाणी काढून आरओचं पाणी घालत, दर वेळी खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवून बघत, घनता १.०२० वर आणली. वीस-पंचवीस मिनिटं गेली. माशानं पाण्यापाशी यायचं त्याऐवजी पाणी माशापाशी गेलं. मग गाठ कापली, मासा मऊ जाळीत घेतला आणि टबात सोडला. पिशवीतलं पाणी मोरीत. त्याचा एक थेंबही टबात नको, अमोनियासाठी आणि त्यात लपलेल्या पाहुण्यांसाठीही. पुढे घनता रोज साधारण ०.००१ नं चढवायची. पहिल्या रात्री खाणं नाही, दिवा नाही. टबावर जाळीचं झाकण मात्र हवं, कारण घाबरलेला क्लाउनफिश उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो.

टबात त्यांना तीन-चार आठवडे राहायचं होतं. ब्रुकलिनेला नावाचा एकपेशी परजीवी क्लाउनफिशचा खास वैरी. अंगावरून बुळबुळीत साल सुटल्यासारखी दिसते, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. समुद्रातून पकडलेल्या माशांत तो जास्त आढळतो, म्हणून हॅचरीतलीच पिल्लं घ्यावीत, असं माझं ठाम मत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनं क्लाउनफिशची बंदिस्त पैदास आपल्या देशात कधीच साधली आहे, तेव्हा प्रवाळातून मासे ओरबाडायचं कारण उरत नाही.

खरं तर या सगळ्याची सुरुवात सहा आठवडे आधी झाली होती, एका सुंगटापासून, म्हणजे कोळंबीपासून. बाजारातून आणलेलं एक कच्चं सुंगट भाच्यानं मोठ्या टाकीत, मासे नसलेल्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात, कुजायला सोडलं. माझ्या बहिणीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. एक तर सुंगट वाया, वर त्याचा वास. पण कुजणाऱ्या सुंगटातून अमोनिया निघतो आणि तो खाणारे सूक्ष्मजीव त्या निमित्तानं टाकीत वस्तीला येतात. एक टोळी अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. असे जिवाणू सर्गेई विनोग्राद्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास वेगळे काढले, आणि मग शंभरेक वर्षं सगळ्यांची समजूत हीच की हे काम जिवाणूच करतात. पुढे सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका उष्णकटिबंधीय टाकीच्या खडीतून एक वेगळाच जीव निघाला, नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. जिवाणू नव्हे, आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे पण वेगळ्याच कुळातले एकपेशी जीव. २००५ साली त्याची ओळख जाहीर झाली, आणि त्याचे भाऊबंद महासागरात सर्वांत मुबलक असलेल्या सूक्ष्मजीवांत मोडतात हे स्पष्ट होत गेलं. महासागरातला एवढा मोठा कामकरी हाती लागला तो माशाच्या टाकीतल्या खडीत!

ही मंडळी सावकाश वाढतात. चार ते सहा आठवडे जातात, आणि बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो. पाणी काचेसारखं दिसतं, मग थांबायचं कशाला? पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मोजून घातलेला अमोनिया, लिटरला दोनेक मिलिग्रॅम, २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, तरच टाकी तयार. टबातला स्पंज फिल्टरही तोवर मोठ्या टाकीतच ठेवलेला होता, तो वस्तीसकट उचलून टबात नेला.

भावोजींना वेगळाच प्रश्न. आगरवाड्याचं, रायबंदरचं मीठ हाताशी असताना डबाबंद परदेशी मीठ विकत कशाला? प्रश्न चांगला आहे. मिठागरात समुद्राचंच पाणी आटवतात, पण सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. पाणी पाचव्या हिश्श्यावर आलं की कॅल्शियम जिप्समच्या रूपानं बाहेर पडू लागतं. दहाव्या हिश्श्यावर सोडियम क्लोराइडचे खडे धरतात, तेच आपलं मीठ. मॅग्नेशियम बहुतांश मागे राहिलेल्या कडवट पाण्यात. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यांत मॅग्नेशियम १.३ ग्रॅम आणि कॅल्शियम ०.४ ग्रॅम. आगरातल्या मिठात हे प्रमाण उरत नाही. हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, ते मीठ उत्तम, टाकीला नाही. मग पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरचं पाणीच बादलीनं आणलं तर? तिथे मांडवीचं मुख, आणि पावसाळ्यात नदी इतकं गोडं पाणी लोटते की खारेपणाचा भरवसा नाही.

चौथ्या रात्री पुन्हा फोन. “मामा, लहान्याला फिट येतेय. मोठा जवळ आला की आडवा होऊन थरथरतो. औषध घालू?”

कल्ल्यांची उघडझाप बघ, म्हटलं. शांत होती. अंगावर साल नाही, खाणं व्यवस्थित. मग ती फिट नव्हे, मुजरा. क्लाउनफिशची पिल्लं मादी म्हणून जन्मत नाहीत. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा प्रजननक्षम नर, बाकीचे रांगेत. मादी मेली की तो नर लिंग बदलून तिची जागा घेतो. पीटर बस्टन या संशोधकानं पापुआ न्यू गिनीत या रांगा मोजल्या आणि २००३ साली दाखवून दिलं की खालचा मासा आपली वाढ स्वतःच आवरून धरतो, वरच्याला शह बसू नये म्हणून. आडवं होऊन थरथरणं म्हणजे ‘मी धाकटा’ असं सांगणं. म्हणूनच घेताना दोन्ही लहान, पण एक थोडा मोठा असे निवडायचे. बरोबरीचे घेतले तर भांडण लांबतं.

“म्हणजे मोठा तो होणार मोठी?”

“होय.”

“आणि औषध नको?”

“नको. दिवा मालव आणि झोप.”