जुन्या स्पोर्ट्स कारची खासगी विक्री

मधे डीलर, दलाल किंवा जुन्या गाड्यांची कंपनी न ठेवता मालकाने आपली वापरलेली स्पोर्ट्स कार थेट दुसऱ्या व्यक्तीला विकण्याचा व्यवहार. या नोंदीत ‘जुनी’ म्हणजे साधारणपणे दहा वर्षांपुढची गाडी धरली आहे. विवेचन मुख्यतः भारतीय कायद्याचे आणि महाराष्ट्रातील प्रघाताचे आहे.

संज्ञा : स्पोर्ट्स कारला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. पहिली स्पोर्ट्स कार कोणती, याविषयी मोटारींच्या इतिहासकारांत एकमत नाही. जर्मनीत १९०८ ते १९११ या काळात प्रिन्स हाइनरिश यांच्या नावाने लांब पल्ल्याच्या शर्यती होत. त्यांसाठी बांधलेल्या व्हॉक्सहॉल आणि ऑस्ट्रो-डाइम्लर या दोन गाड्यांना हा मान देण्याकडे बऱ्याच अभ्यासकांचा कल दिसतो. ऑस्ट्रो-डाइम्लरची गाडी फर्डिनांड पोर्शे यांच्या रचनेची होती. हा शब्द मात्र पहिल्या महायुद्धानंतर रुळला असावा, म्हणून काही जण त्याआधीच्या गाड्या या सदरात धरत नाहीत. वाद मुळात व्याख्येचा आहे. शर्यतीतही धावेल आणि रस्त्यावरही रोज चालवता येईल अशी गाडी, एवढी सैल व्याख्या घेतली तर १९१० च्या आसपासचा काळ पटण्याजोगा वाटतो.

भारतीय कायद्याला या वादाशी देणेघेणे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये स्पोर्ट्स कार असा वर्गच नाही. आरसीवर ती ‘मोटर कार’ असते आणि फार तर बॉडीच्या रकान्यात ‘कूपे’ किंवा ‘कन्व्हर्टिबल’ लिहिलेले असते. त्यामुळे वर्षभरात दोन हजार किलोमीटर चाललेल्या दोन आसनी गाडीला वयाचे नियम टॅक्सीसारख्या राबलेल्या हॅचबॅकचेच लागू होतात. विक्रीतल्या बऱ्याच अडचणी इथूनच निघतात.

किंमत : पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विम्यासाठीची घोषित किंमत (आयडीव्ही) घसाऱ्याच्या कोष्टकावरून ठरते. त्यानंतर ती विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरवायची असते. म्हणजे बारा वर्षांच्या बीएमडब्ल्यू झेड४ ची किंमत अमुकच, असे सांगणारा कोणताही अधिकृत आधार उरत नाही. मालक केलेला खर्च मोजतो, तर घेणारा पुढे होणारा खर्च मोजतो. कर्ज सहसा मिळत नाही, म्हणून घेणाऱ्याकडे पूर्ण रक्कम हाताशी असावी लागते आणि असे लोक थोडे. रोख देण्याची तयारी दाखवणारे भेटतात, पण आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. दंड तेवढ्याच रकमेचा असतो आणि तो घेणाऱ्याला नव्हे, पैसे स्वीकारणाऱ्याला, म्हणजे गाडी विकणाऱ्याला होतो. जाहिरात पाहून येणाऱ्या फोनांपैकी पुष्कळ ‘लास्ट किती?’ एवढ्यावर संपतात. ‘ॲव्हरेज किती देते?’ असे विचारणारा गिऱ्हाईक नव्हे, असे अशा गाड्यांचे मालक मानतात.

अर्थशास्त्रात वापरलेल्या गाडीच्या किमतीचा प्रश्न जॉर्ज ॲकरलॉफ यांच्या १९७० च्या निबंधामुळे प्रसिद्ध झाला. गाडीचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरत जातात, असा त्यांचा युक्तिवाद. (हा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला होता. याच विषयावरील कामासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) १९८२ मध्ये एरिक बाँड यांनी अमेरिकेतील पिकअप ट्रक तपासले, तेव्हा वापरलेले म्हणून विकत घेतलेल्या ट्रकांना त्याच वयाच्या मूळ मालकाकडील ट्रकांहून अधिक दुरुस्ती लागते, असे त्यांना आढळले नाही. मात्र पिकअपचे दोष कोणताही मेकॅनिक ओळखतो. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ॲकरलॉफ यांचे म्हणणे अधिक लागू पडावे.

मौन आणि फसवणूक : खासगी विक्रेत्याने दोष आपण होऊन सांगावेत का, याचे उत्तर भारतीय कायद्यात घोड्याच्या गोष्टीतून मिळते. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १७ खालील उदाहरणात ‘अ’ आपला सदोष घोडा ‘ब’ला लिलावात विकतो. दोष ठाऊक असून तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पण ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य ठरते. तिसरा प्रकार असा : ‘ब’ म्हणतो, “तू नाही म्हटले नाहीस, तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन.” यावर ‘अ’ गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम १६ ही ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ याच बाजूचे आहे, मात्र त्यातला मालाच्या दर्जाविषयीचा अपवाद तशा मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यापुरता आहे.

घोड्याच्या जागी गाडी ठेवली की तिसऱ्या उदाहरणाचे महत्त्व लक्षात येते. “गाडी ठोकलेली नाही ना?” हा प्रश्न पार्किंगमध्ये हमखास येतो. त्यावर नुसते हसणे धोक्याचे. म्हणून जाणते विक्रेते ठाऊक असलेले दोष आणि झालेली कामे कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घेतात. ‘जशी आहे तशी’ या शब्दांनी न सांगितलेल्या दोषाचे ओझे बऱ्याच अंशी उतरते, पण खोटे सांगितलेल्या गोष्टीचे उतरत नाही.

पाहणी : जाणकार ग्राहक आदल्या दिवशी फोन करून सांगतो, “मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.” आल्यावर तो आधी बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे का ते पाहतो, कारण इंजिनातल्या साखळीचा खडखडाट आणि सायलेन्सरमधला निळसर धूर हे थंड इंजिन चालू केल्यावर पहिल्या मिनिटातच कळतात. मग तो टायरपाशी उकिडवा बसतो. टायरच्या कडेवरील शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीच्या टायरवरील खाचा नव्यासारख्या असतात, पण रबर दहा वर्षांचे असते. ‘लो रनिंग’ म्हणून सांगितलेली जमेची बाजू इथे खर्चाची होते. उभ्या राहिलेल्या गाडीचे सील, होज आणि छताचे कापड वापराविनाही वाळते. देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आल्यापासून त्यासाठी न बनवलेल्या जुन्या इंजिनांच्या रबरी भागांविषयी ग्राहक आवर्जून विचारू लागले आहेत.

एखाद्या मॉडेलचा दोष गाजला की निर्दोष गाडीलाही त्याची झळ बसते. याचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमधील आणि ९९६ मालिकेच्या ९११ मधील एम९६ इंजिनाचे. या इंजिनात इंजिनाच्या मुख्य दांड्याची (क्रँकशाफ्ट) गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत (कॅमशाफ्ट) नेणारा मधला दांडा असतो आणि त्याच्या एका टोकाला बंदिस्त बेअरिंग असते. सुरुवातीला ते दुहेरी रांगेचे होते, २००० च्या सुमारास एकेरी रांगेचे आले आणि २००५-०६ च्या सुमारास मोठ्या आकाराचे बसवले गेले. बेअरिंग मोडले तर व्हॉल्व्हची वेळ चुकून सबंध इंजिन निकामी होऊ शकते. एकेरी रांगेचे बेअरिंग अधिक वेळा मोडते, हे सामान्यतः मान्य आहे. किती वेळा, याविषयीचे आकडे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात, आणि त्यांतले पुष्कळ सांगणारे पर्यायी बेअरिंग विकणारेच असल्याने ते जपून घ्यावेत. या बेअरिंगवरून अमेरिकेत झालेल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या इंजिनांत हा दांडाच काढून टाकला आहे. मोठे बेअरिंग मात्र इंजिन न उघडता बाहेर येत नाही, म्हणून ‘बदलले आहे’ असे विकणाऱ्याने म्हटल्यास कोणते, कधी आणि कोणत्या बिलावर, हे विचारले जाते.

भारतात कमी संख्येने निघालेल्या गाड्यांची अडचण याहून साधी आहे : सुटे भाग मिळत नाहीत. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास आणलेली ‘स्टॉर्म’ ही फायबरग्लास बॉडीची दोन आसनी गाडी याचे जवळचे उदाहरण. तिचे १.२ लिटरचे इंजिन रेनोचे असल्याने त्याचे भाग शोधून मिळू शकतात, बॉडीचे मात्र घडवून घ्यावे लागतात.

फेरफार : आवाजासाठी बदललेला सायलेन्सर, ताकदीसाठी रिमॅप केलेला ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), वेगळ्या रंगाचे रॅप (वरून चिकटवलेले आवरण) हे मालकाच्या लेखी मोलाचे असते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार मात्र आरसीवरील नोंद आणि निर्मात्याचा मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. मूळ भाग माळ्यावर जपून ठेवणाऱ्याची गाडी लवकर विकली जाते, ती यामुळे.

मालकी केव्हा बदलते : हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. मालविक्री अधिनियमानुसार जंगम वस्तूची मालकी दोन्ही पक्षांचा हेतू असेल तेव्हा, म्हणजे सहसा पैसे आणि चावी हातोहात झाली की बदलते. आरसी हा त्या दृष्टीने मालकीचा केवळ पुरावा आहे, आणि जुन्या निर्णयांत हाच सूर आढळतो. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील ‘मालक’ची व्याख्याही नोंदणीवर बेतलेली नव्हती. १९८८ च्या अधिनियमाने मात्र कलम २(३०) मध्ये ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक, असे म्हटले. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये विकलेली आणि पुढे हातोहात फिरलेली गाडी होती. अपघात २००९ मध्ये झाला, तरी नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर असल्याने भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. जखमी माणसाने गाडीच्या खरेदीदारांची साखळी शोधत फिरू नये, हा त्यामागचा विचार आहे. दोन्ही कायदे एकत्र वाचता असे म्हणता येईल, की देणारा-घेणारा यांच्यात मालकी चावीबरोबर जाते, तिसऱ्या माणसाच्या लेखी ती आरटीओत नाव चढेपर्यंत जात नाही.

कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना १४ दिवसांत (फॉर्म २९) आणि घेणाऱ्याने अर्ज ३० दिवसांत (फॉर्म ३०) द्यायचा असतो. प्रत्यक्षात सह्या केलेले कोरे ‘टीटी फॉर्म’ (मालकी हस्तांतराचे फॉर्म) दलालाच्या हाती पडतात, गाडी पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत फिरत राहते आणि ई-चलानचे मेसेज पहिल्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात. वेगाने चालवण्यासाठीच घेतलेल्या गाडीच्या बाबतीत ते जरा जास्तच येतात. विम्याचेही असेच आहे. कलम १५७ मुळे त्रयस्थ पक्षाचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाही. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याकडे राहतो आणि तीन वर्षांच्या आत दुसऱ्या गाडीला लावून घेता येतो.

वयाचा अडसर : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून हे शुल्क साध्या मोटारीला ५,००० आणि आयात मोटारीला ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढील गाड्यांसाठी ते अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० रुपयांवर गेले. जुन्या स्पोर्ट्स कार बहुतेक आयातच असल्याने हा भार त्यांच्यावर अधिक पडतो, आणि चौदाव्या वर्षी विकायला निघालेल्या गाडीच्या किमतीतून तो आधीच वजा केला जातो. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथल्या गाड्या उतरत्या भावात बाहेर येतात. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला त्यांसाठी एनओसी, इथला कर आणि नवा नंबर असा खर्च धरावा लागतो. जुलै २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज वाहनांना ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी दिली, पण ती ५० वर्षांपुढील गाड्यांनाच. १९९० च्या दशकातली एखादी टोयोटा एमआर२ किंवा माझ्दा एमएक्स-५ संग्राहकांच्या लेखी अभिजात असली, तरी नोंदणीच्या लेखी ती अजून निव्वळ जुनी मोटर कार आहे.