'लहान मेंदू' या नावाचा गुंता

परळच्या एका रुग्णालयात एमआरआयचा रिपोर्ट पाहून डॉक्टर सांगतात, "काकांचा लहान मेंदू आक्रसलाय." मुलगा घाबरून विचारतो, "म्हणजे मेंदू लहान झाला? आता माणसं ओळखणार नाहीत का ते?" असा गोंधळ सहज होतो आणि त्याचं मूळ नावातच आहे.

लहान मेंदू हा मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूचा एक भाग. त्याच्या 'सेरेबेलम' या लॅटिन नावाचा अर्थच 'छोटा मेंदू'. त्यावरून 'लहान मेंदू' बोलण्यात रुळला. शाळेच्या पुस्तकात 'अनुमस्तिष्क' आहे, जुन्या लेखनात 'निमस्तिष्क'ही सापडतं. 'अनु' म्हणजे मागचा, 'नि' म्हणजे खालचा. दोन्ही संस्कृत शब्द जागा सांगतात, आणि ती बरोबर आहे. 'लहान' मात्र आकार सांगतो आणि ऐकणारा त्यातून दर्जा काढतो. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. आकाराने हा भाग मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज इथेच आहेत. खाटकाच्या फळीवरचा भेजा नीट पाहिला तर कारण कळतं: पुढचे मोठे भाग जाड वळ्यांचे, आणि मागचा गोळा मात्र वहीची पानं एकावर एक दाबावीत तसा बारीक घड्यांचा.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही जण याला कामवासनेचं स्थान मानत. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये कबुतरांवर केलेल्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध झाली. हा भाग काढल्यावर पक्षी हलू शकत, पण हालचालींचा मेळ बसत नसे. पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा झालेल्या सैनिकांच्या तपासणीतून आजची ओपीडीतली लक्षणं पक्की झाली. जखम उजवीकडे, तर बिघाडही उजव्याच हातापायात. अशा एका रुग्णाने सांगितलं होतं की त्याचा डावा हात आपोआप चालतो, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते.

त्या नोंदी इतक्या नेमक्या होत्या की 'अनुमस्तिष्क म्हणजे हालचाल' हे समीकरण पुढे कित्येक दशकं घट्ट बसलं. १९६९ मध्ये त्याच्या पेशींची रचना शिकण्यासाठीच आहे असा सिद्धांत आला, पण तोही हालचाली शिकण्यापुरता. खरा वाद १९८० च्या दशकात पेटला. शब्द सुचवण्यासारख्या, हातपाय न हलवता करायच्या कामातही हा भाग स्कॅनवर उजळू लागला. ओठ-जीभ हलल्यामुळे तसं दिसतं, असा आक्षेप आला. पण नुसते शब्द उच्चारण्याची हालचाल वजा केल्यावरही उजळलेपण उरलं. १९९८ मध्ये २० रुग्णांच्या अभ्यासातून नियोजन, शब्द आठवणं, जागेचं भान आणि भावनांवरचा ताबा यांतले बिघाड एकत्र मांडले गेले. हालचालीपुरतंच मानणारी बाजू तिथे कमकुवत झाली, असं माझं मत आहे.

रुग्णाचं हाल होणं मात्र अजून चालण्यातूनच सुरू होतं. पाय फाकवून, झोके घेत, जड जिभेने बोलत एखादा दादरचा पूल चढू लागला की लोक दारुडा समजून अंग चोरतात. साम्य खरंच आहे, कारण दारूही याच भागाचं काम बिघडवते. पण या माणसाने थेंबही घेतलेला नसतो.

काकांना डॉक्टरांनी आधी बोट नाकाला लावायला सांगितलं. नाक जवळ येईल तसा हात जास्त थरथरू लागला. मग सांगितलं, "एका मिनिटात 'क'ने सुरू होणारे शब्द सांगा." "कपाट, कागद, कावळा..." काका थांबले. मुलाकडे पाहिलं, त्याचं नाव घेऊन म्हणाले, "अरे, सुचतच नाहीये." माणसं ते नीट ओळखत होते, अडत होतं ते शब्द शोधताना, आणि मुलाने विचारलेला प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.