परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी पात्रता, प्रमाणपत्र आणि कागदपत्रे: खान्देशातील उमेदवारांसाठी माहिती

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत इंग्रजी विषय घेऊन बी.ए., एम.ए. किंवा बी.एड. झालेले अनेक तरुण-तरुणी परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीची चौकशी करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणता कोर्स करावा’ हा असतो. माझ्या मते आधी देश ठरवावा आणि त्यानंतरच कोर्सचे पैसे भरावेत. पदवी, नागरिकत्व आणि शालेय शिक्षणाचे माध्यम यांविषयीच्या अटी देशागणिक बदलतात आणि कितीही चांगले प्रमाणपत्र त्या अटींची उणीव भरून काढत नाही.

दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. भारताशी झालेल्या आणि २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक करारामुळे भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट आहे. परंतु तिथे इंग्रजी विषयातील पदवी आणि शिक्षकाची अर्हता दोन्ही लागतात. जपानमध्ये शिक्षक व्हिसासाठी, जी भाषा शिकवायची त्याच भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे, अशी अट घातली जाते. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून नंतर उत्तम इंग्रजी आत्मसात केलेले उमेदवार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांची जपानची वाट याच अटीवर अडते. हे कोर्स सुरू करण्यापूर्वी कळलेले बरे.

व्हिएतनाममध्ये पदवी आणि अध्यापनाचे प्रमाणपत्र असलेल्या परदेशी नागरिकाला नोकरी देणाऱ्या संस्थेमार्फत कामाचा परवाना मिळू शकतो. त्याची मुदत जास्तीत जास्त २ वर्षांची असते. थायलंडमध्येही पदवी आवश्यक असून, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडे इंग्रजीच्या परीक्षेतील गुण मागितले जातात. आखाती देशांत सीबीएसईशी संलग्न भारतीय शाळा मोठ्या प्रमाणावर आहेत आणि तिथे परदेशी अध्यापन-प्रमाणपत्रापेक्षा बी.एड. व अनुभव यांना अधिक वजन असते. बी.एड. झालेल्या आणि काही वर्षे शाळेत शिकवलेल्या खान्देशातील शिक्षकांसाठी हाच मार्ग सर्वांत व्यवहार्य आहे, असे मला वाटते.

अध्यापनाच्या प्रमाणपत्रांमध्ये ब्रिटनमधील केंब्रिज विद्यापीठाचे ‘सेल्टा’ आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचे ‘सर्ट टेसॉल’ ही सर्वाधिक मान्यताप्राप्त आहेत. सेल्टामध्ये किमान १२० तासांचे अध्ययन, प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर ६ तासांचे अध्यापन आणि ४ लेखी स्वाध्याय असतात. वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि प्रवेशापूर्वी भाषेविषयीची लेखी चाचणी व मुलाखत होते. पूर्णवेळ कोर्स साधारणपणे ४ ते ५ आठवड्यांत पूर्ण होतो आणि तो आता पूर्णपणे ऑनलाइनही करता येतो, त्यामुळे भुसावळ किंवा शहादा येथे राहूनही तो शक्य आहे. मात्र विजेचा आणि इंटरनेटचा भरवसा हवा, कारण अध्यापनाचे तास थेट ऑनलाइन वर्गातच होतात. स्वस्तात मिळणाऱ्या ‘१२० तासांच्या’ टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या) कोर्सांपैकी अनेकांत प्रत्यक्ष वर्ग घेण्याचा भागच नसतो. व्हिसाची औपचारिक अट त्यांनी काही ठिकाणी पूर्ण होते, परंतु चांगल्या संस्था मुलाखतीत पहिला प्रश्न वर्गातील अनुभवाचाच विचारतात. भारतातच अध्यापनाचा पाया पक्का करायचा असेल, तर हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाचे दूरशिक्षणातील इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रम विचारात घ्यावेत.

येथे अनुभवाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या तालुक्यांत भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना, अथवा अमळनेर-पारोळ्याकडे घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना ज्यांनी इंग्रजी शिकवले आहे, त्यांच्याकडे बहुभाषिक वर्गाचा खरा अनुभव असतो आणि तो अर्जात ठळकपणे लिहावा. त्यासाठी शाळेच्या लेटरहेडवर पदनाम, विषय, इयत्ता आणि रुजू झाल्याची व काम सोडल्याची तारीख नमूद केलेले अनुभव प्रमाणपत्र शाळा सोडतानाच घ्यावे.

आता कागदपत्रे, ज्यांत सर्वाधिक वेळ जातो. पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, सर्व गुणपत्रिका, अध्यापनाचे प्रमाणपत्र, अनुभव प्रमाणपत्र आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) हा मूळ संच सर्वत्र लागतो. तात्पुरते पदवी प्रमाणपत्र बहुतेक देशांत चालत नाही; म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पदवीधरांनी दीक्षान्त समारंभानंतर मिळणारे मूळ प्रमाणपत्र आधी हाती घ्यावे. नावाची अडचण आपल्याकडे फार मोठी आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर बदललेले असते आणि विवाहित स्त्रियांच्या बाबतीत पतीचे नाव व आडनाव आलेले असते. परदेशातील अधिकाऱ्याला या व्यक्ती वेगवेगळ्या वाटू शकतात. दहावी-बारावीच्या कागदपत्रांतील चूक नाशिक विभागीय मंडळाकडून दुरुस्त करून घ्यावी आणि नाव खरोखरच बदलले असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नोंदीची प्रत संचात जोडावी.

पदवीचे साक्षांकन टप्प्याटप्प्याने होते: आधी विद्यापीठाकडून पडताळणी, नंतर राज्य शासनाचे साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे दस्तऐवज परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे आंतरराष्ट्रीय करारानुसारचे प्रमाणन. अपोस्टिलचे शासकीय शुल्क प्रति दस्तऐवज ५० रुपये असून, दस्तऐवज स्वीकारणाऱ्या अधिकृत सेवा संस्थेचे शुल्क वेगळे असते. अपोस्टिल करारात सामील असलेल्या देशांत, उदाहरणार्थ जपान, ओमान आणि २०२२ पासून सौदी अरेबिया, एवढ्यावर काम भागते; इतर देशांसाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. ब्रिटनमधून मिळालेल्या अध्यापन-प्रमाणपत्राचे अपोस्टिल भारतात होत नाही, ते ब्रिटनमध्येच करावे लागते. पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करून ५०० रुपये शुल्क भरावे आणि भेटीची वेळ घ्यावी. टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही ही सोय २०२२ पासून आहे. अनेक देश हे प्रमाणपत्र सहा महिन्यांपेक्षा जुने असल्यास नाकारतात, म्हणून ते नोकरी निश्चित होत आल्यावरच काढावे.

नोकरी शोधताना शाळांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर थेट अर्ज करणे चांगले. एजंटमार्फत जायचे असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते व त्याची पावती द्यावी लागते. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, परवाना तिथे काढू’ असे सांगणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. पर्यटक म्हणून गेलेला शिक्षक पकडला गेल्यास दंड आणि परत पाठवणी त्याच्याच वाट्याला येते. करारपत्रावर सही करण्यापूर्वी आठवड्याचे तास, पगार कोणत्या चलनात मिळणार, निवासाची सोय, विमानभाडे आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास होणारी कपात या गोष्टी लेखी आहेत का ते वाचावे आणि पासपोर्ट नोकरी देणाऱ्या संस्थेच्या ताब्यात राहील, असे कलम असल्यास सही करू नये.