भूतदया आणि निसर्गरक्षण: एका खंडातली दोन कर्तव्यं

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली. त्यातल्या एकाच खंडात वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण आणि प्राणिमात्रांबद्दल दया शेजारीशेजारी बसवली आहेत. त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. कायदे मात्र निरनिराळे: प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा, वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा.

भूतदया एकेक जीव पाहते: या कुत्र्याला दुखतंय का, हे मांजर उपाशी आहे का. निसर्गरक्षण प्रजाती, अधिवास, माती, पाणी पाहतं. तिथे एक जीव मेल्याने बिघडतंच असं नाही, आणि एक जगवल्याने बिघडू शकतं. अमेरिकी निसर्गअभ्यासक ऑल्डो लिओपोल्ड यांचा भूमिनीतीचा विचार १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्यात माती, पाणी, झाडं, प्राणी मिळून एक समाज आणि माणूस त्याचा साधा सभासद. प्राण्यांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये याला 'पर्यावरणीय फॅसिझम' म्हटलं, कारण यात समूहासाठी एकाचा बळी द्यायची वाट मोकळी राहते. टोमणा जहरी, पण बिनबुडाचा नाही.

घोटाळा कुठे होतो ते लाल कानाच्या कासवात दिसतं. मूळ अमेरिकेतलं. बाजारातून रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं पिल्लू आणतात. काही वर्षांत ते ताटलीएवढं होतं, टाकी घाण मारू लागते आणि मग 'मोकळं केलं, पुण्य लागलं' म्हणून ते गावच्या तळ्यात जातं. तिथे ते पुढे वीसेक वर्षं सहज जगतं, देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, रोगही पसरवू शकतं. एकावर केलेली दया तळ्याला महागात पडते. कासव आणलंच असेल तर मोठी टाकी घ्या, नाहीतर वनविभागाला विचारा. तळं हा पर्याय नाहीच.

उलट बाजू रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला. तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची शंभरेक अंडी घरट्यातून काढून कुंपणातल्या वाळूत, तेवढ्याच खोल, साधारण दीड फूट पुरतात. हे अंडी घातल्यापासून काही तासांतच करावं लागतं. उशीर झाला की गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं उलटं झालं तर मरतो. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात. एखादं लाटेने उलटंपालटं झालं की बघणाऱ्याचा हात पुढे होतोच. तो आवरायचा, वाळूवरून पाण्यापर्यंतची वाट त्याची त्यानेच चालायची असते.

मांजात अडकलेल्या घारीपाशी हा वाद मिटतो. इजा माणसानेच केलेली, तेव्हा तिला सोडवणं दोन्ही अर्थांनी कर्तव्य. पेच येतो किनाऱ्यावरच्या कुत्र्यांपाशी. २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाली की त्याला पुन्हा त्याच जागी सोडतात. कुत्र्यासाठी आणि गावासाठी ते बरोबर, पण नसबंदी झालेला कुत्राही कासवाचं घरटं उकरतोच. म्हणून तिथे घरट्यावर जाळी बसवायची आणि खानावळींचं खरकटं वाळूवर पडू द्यायचं नाही.