मनाची पारदर्शकता: एका शब्दाची पार्श्वभूमी

आपले मत काय आहे हे आपल्याला कसे कळते, या प्रश्नावरील लेखनात ‘पारदर्शकता’ हा शब्द सतत येतो आणि तो दोन जवळजवळ विरुद्ध अर्थांनी येतो. 1641 मध्ये लॅटिनमधून प्रसिद्ध झालेल्या, तत्त्वज्ञ देकार्त यांच्या ‘चिंतने’ या ग्रंथाशी जोडल्या जाणाऱ्या अर्थाप्रमाणे मन काचेच्या कपाटासारखे असते; आत जे आहे ते मालकाला आपोआप दिसते. 1982 मधील एका इंग्रजी ग्रंथापासून रूढ झालेल्या अर्थाप्रमाणे मन खिडकीच्या काचेसारखे असते. मत शोधायला गेले की नजर सरळ बाहेरच्या जगावर जाते. एकाच शब्दाच्या या दोन वापरांमुळे कितीतरी वाद विनाकारण लांबले आहेत.

हा प्रश्न आपल्या दर्शनांनाही परका नव्हता. ज्ञान स्वतःच स्वतःला प्रकाशित करते असे प्राभाकर मीमांसक, म्हणजे मीमांसा दर्शनातील प्रभाकराचे अनुयायी, मानत, तर ‘हा घट’ या ज्ञानानंतर ‘मी घट जाणतो’ असे दुसरे ज्ञान, म्हणजे अनुव्यवसाय, व्हावे लागते असे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, म्हणणे होते.

विसाव्या शतकात कपाटाच्या कल्पनेला दोन बाजूंनी तडे गेले. 1949 मध्ये ऑक्सफर्डमधून असे मांडले गेले की आपण स्वतःला बहुतांशी दुसऱ्यांना ओळखतो तसेच, वागण्याबोलण्यावरून, ओळखतो. 1977 मध्ये अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग नोंदवला. नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार एकसारख्या जोड्या ओळीने मांडून लोकांना उत्तम जोडी निवडायला सांगितले, तेव्हा उजव्या टोकाची जोडी डाव्या टोकाच्या जोडीपेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली; पण कारण विचारल्यावर जागेचा उल्लेख स्वतःहून कोणीही केला नाही. या प्रयोगाच्या आधारे माणसाला स्वतःचे मन कळतच नाही असे सांगितले जाते, ते मला पटत नाही. लोक चुकले ते निवडीच्या कारणाबाबत. आपण काय निवडले हे त्यांना नीट ठाऊक होते.

खिडकीची कल्पना अधिक सकस आहे. जून महिन्यात कोणी ‘आज पाऊस पडेल असे तुला वाटते का?’ असे विचारले, तर आपण डोळे मिटून मनात शोध घेत नाही. गॅलरीत जाऊन आभाळ पाहतो, आणि आभाळाबद्दलचा निर्णय हेच आपल्या मताबद्दलचे उत्तर ठरते. ‘पाऊस पडतो आहे, पण तो पडतो आहे असे मी मानत नाही’ हे वाक्य इतके विचित्र का वाटते, या 1940 च्या दशकात केंब्रिजमध्ये चर्चिल्या गेलेल्या कोड्याचाही उलगडा यातून बराचसा होतो.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो गंभीर आहे. भूत नसते, असे पुराव्यानिशी सांगणारा माणूस रात्री चिंचेखालून जाताना पावले भराभर उचलतो. बाहेर पाहून त्याला उत्तर मिळाले, पण ते त्याच्या पायांपर्यंत पोचले नाही. मराठीत ‘मी मानतो’ म्हणताना कर्ता मी असतो. ‘मला वाटते’ म्हणताना वाटणे माझ्या बाबतीत घडते. इंग्रजी लेखनातील ‘बिलीफ’ हा एकच शब्द या दोन्हींवर पांघरला जातो. खिडकीची रीत मानण्याला चपखल लागू पडते; वाटण्याला ती कितपत लागू पडते, यावरच सध्याचा वाद अडला आहे.