अधिवेशनाआधीचा ठराव : विदर्भातल्या छोट्या नगरपरिषदा मागण्या ठरवतात कशा

दिवाळीच्या आसपास विदर्भातल्या क वर्ग, म्हणजे लोकसंख्येने सगळ्यांत लहान नगरपरिषदांमध्ये आणि नगरपंचायतींमध्ये एक विषय हटकून निघतो : यंदा विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात काय मांडायचं? मागण्यांची यादी डिसेंबरच्या आत तयार असावी लागते, कारण डिसेंबरात सरकार नागपुरात असतं. ही सवय कित्येक दशकांची आहे.

२८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, रा. कृ. पाटील अशा नेत्यांच्या त्यावर सह्या होत्या. सरकारने दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन तिथे भरवावं, असं त्यात ठरलं. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १९५६ साली ते पद गेलं. राजधानीच्या बदल्यात अधिवेशन मिळालं, असा त्याचा सरळ हिशेब. पुलगाव किंवा देसाईगंजच्या नगरसेवकाला मंत्रालय गाठायचं तर रात्रभराची गाडी, वर मुक्कामाचा खर्च. नागपूरला एसटीने जाऊन येता येतं. त्यामुळे वर्षभराचं गाऱ्हाणं डिसेंबरसाठी साठवायची रीत पडली. कोविडमुळे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत झाली तेव्हा या रीतीवर किती काही अवलंबून होतं ते जाणवलं.

कायद्यात मात्र अशा यादीचा कुठे उल्लेख नाही. आधी १९२२ चा सी. पी. अँड बेरार (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) म्युनिसिपालिटीज अॅक्ट होता, मग १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम आला. दोन्हींत परिषदेने सरकारकडे दरवर्षी काय मागायचं हे ठरवण्याची वेगळी पद्धत सांगितलेली नाही. हाती असतो तो सर्वसाधारण सभेचा ठराव. म्हणून सगळी मदार त्याच्यावर.

यादीत काय येतं, याला दोन वळणं कारणीभूत आहेत. पहिलं दांडेकर समितीचं. कोणता भाग विकासात किती मागे राहिला, म्हणजेच त्याचा अनुशेष किती, हे तिने मोजलं. १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींवर काढला, त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटींच्या वर. तेव्हापासून रस्ता असो की टाकी, मागणी ‘अनुशेषातून’ करायची भाषा रुळली. खरं तर तो हिशेब सिंचन, रस्ते, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण अशा क्षेत्रांचा होता. छोट्या शहरातली नाली आणि कचरा त्यात बसतच नव्हता. तरी निवेदनांत हा शब्द अजून येतो. १९९४ साली आलेल्या विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि अनुशेषाची तक्रार ऐकायला असलेलं ते दारही बंद झालं.

दुसरं वळण १९९९ चं. नगरपरिषदांची जकात गेली आणि तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. नाक्यावर रोज पडणारा पैसा थांबला, पगार अनुदानावर आले. आज यादीत अनुदानवाढ पहिल्या पानावर दिसते, तिची मुळं इथे आहेत.

आता प्रत्यक्ष क्रम. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य विभागांकडून आणि नगरसेवकांकडून विषय गोळा होतात. प्रत्येक नगरसेवक आपल्या वॉर्डाचा रस्ता देतो आणि यादी चाळीस-पन्नास विषयांवर जाते. ती तशीच मंजूर झाली तर वाया गेली समजा, आमदाराच्या स्वीय सहायकाला त्यातून तीन-चारच विषय उचलता येतात. म्हणून परिषदेचा कारभार पाहणारे शहाणे मुख्याधिकारी विषयांची आधीच विभागणी करतात. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होणारं काम त्यातून काढायचं, त्यासाठी विधानभवनाची गरज नाही. नगरविकास विभागाच्या योजनेत बसणारं वेगळं. आणि शासन निर्णय किंवा कायदा बदलल्याशिवाय न सुटणारं वेगळं. हा तिसरा गठ्ठा सगळ्यांत लहान असतो, पण अधिवेशनात मांडण्याजोगा खरा तोच.

मग सभा. विषयपत्रिका पूर्ण सात दिवस आधी जायला हवी. गडबड होते ती ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ या रकान्यात. घाईची मागणी तिथे घुसडतात, पुढे कोणी हरकत घेतली तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठराव थांबवू शकतात. ठरावाची भाषाही घात करते. ‘शहरास पाणीपुरवठा योजनेकरिता निधी मिळणेबाबत शासनास विनंती करण्यात यावी’ हा ठराव टपालात जमा होतो, बस. त्याऐवजी योजनेचं नाव, अंदाजपत्रकाची रक्कम, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या राज्याच्या पाणीपुरवठा यंत्रणेच्या तांत्रिक मान्यतेचा क्रमांक, जागेचा सातबारा आणि ‘स्वहिस्सा (खर्चातला आपला वाटा) भरण्यास परिषद तयार आहे’ हे वाक्य हवं. शहरांतल्या कामांना पैसा देणाऱ्या राज्याच्या नगरोत्थान योजनेत क वर्गाचा स्वहिस्सा १० टक्के. ५ कोटींच्या कामाला ५० लाख. ते कुठून आणणार, हे ठरावात नसलं की त्रुटी निघते आणि फाईल परत येते.

तिसऱ्या गठ्ठ्याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे झुडपी जंगल, म्हणजे महसुली नोंदीत त्या नावाने लागलेली खुरट्या झुडपांची जमीन. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन. शहराची स्मशानभूमी, कचऱ्याचा डेपो, पाण्याची टाकी बरेचदा याच जमिनीवर. वर्षानुवर्षं ठराव व्हायचा, ‘जागा नगरपरिषदेच्या नावे करावी’. पण १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राच्या मंजुरीशिवाय राज्य ते करूच शकत नव्हतं, म्हणजे मागणीच चुकीच्या दारात. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच धरली आणि १२ डिसेंबर १९९६ ही तारीख निर्णायक ठरवली. आता त्या तारखेआधी जागा वाटप झाली होती, वापरात होती, हे दाखवणारा कागद लागतो. तो मिळतो परिषदेच्याच जुन्या ठराव वहीत, कर आकारणी नोंदीत. वाळवी लागायच्या आत त्या वह्या स्कॅन केलेल्या बऱ्या.

आमदाराकडे विषय नोव्हेंबरातच पोचायला हवा. तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, आधीची मुदत असते, अधिवेशन लागल्यावर तो देता येत नाही. ऐनवेळी उरते ती नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, पण तिच्यासाठी रांग मोठी. तेही हुकलं की यशवंत स्टेडियमवर जमून मोर्चा, तो मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवतात आणि शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देतं. फोटो पेपरात येतो. पैसा येतो तो पुरवणी मागण्यांतून, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मंजुरीतून, आणि त्या अधिवेशनात मांडल्या जाण्याआधीच तयार झालेल्या असतात.

मधली काही वर्षं तर परिषदाच नव्हत्या. ओबीसी आरक्षणाच्या वादात नगरपरिषदांच्या निवडणुका अडकल्या, सरकारने नेमलेले प्रशासक एकटेच ठराव घेत. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, पण उच्च न्यायालयाच्या आदेशाने मतमोजणी २१ डिसेंबरला गेली. नागपूरचं अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर. म्हणजे विधानभवनात चर्चा सुरू असताना मतदान यंत्रं स्ट्राँगरूममध्ये कुलूपबंद होती आणि यादीवर सही करायला निवडून आलेला अध्यक्ष नव्हता.

नव्या परिषदांच्या हाती पहिली गोष्ट पडते ती जावक नोंदवही, म्हणजे बाहेर पाठवलेल्या कागदांची नोंद. प्रशासकांच्या काळात कुठला प्रस्ताव कोणत्या तारखेला वर गेला, त्रुटी कुठली निघाली आणि ती भरून परत पाठवली का, एवढं तीत दिसतं. यंदाची यादी तिथूनच सुरू करावी लागते.