थोपटण्याने भीती जाते का?

१९८०च्या सुमाराची गोष्ट. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलहान यांच्याकडे पाण्याची विलक्षण भीती असलेली एक स्त्री उपचारांसाठी येत होती. दीड वर्ष प्रयत्न झाले होते. पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसण्यापर्यंत तिची मजल गेली होती, पण पाणी दिसले की पोटात गोळा यायचा तो यायचाच. कॅलहान त्या काळात चिनी वैद्यकातल्या मेरिडियन, म्हणजे ऊर्जावाहिन्यांचा अभ्यास करत होते. पोटाची वाहिनी डोळ्याखालून सुरू होते, अशी त्या वैद्यकाची धारणा आहे. म्हणून त्यांनी डोळ्याखालच्या हाडावर बोटांनी थोपटून पाहिले. काही मिनिटांत ती म्हणाली, पोटातला गोळा गेला, आणि उठून थेट तलावाकडे निघाली.

ऊर्जेवर आधारित मानसोपचारांच्या बऱ्याच शाखा या प्रसंगातून फुटल्या. कॅलहान यांनी आपल्या पद्धतीला ‘थॉट फील्ड थेरपी’ म्हटले. त्यांच्याकडे शिकलेले गॅरी क्रेग हे अभियंते. प्रत्येक तक्रारीसाठी बिंदूंचा वेगळा क्रम लक्षात ठेवण्यापेक्षा सगळेच बिंदू दर वेळी थोपटले तर काय बिघडले, असा त्यांचा व्यवहारी विचार. त्यातून १९९०च्या दशकात ‘इमोशनल फ्रीडम टेक्निक’ म्हणजे ईएफटी आली. ‘टॅपिंग’ म्हणून आपल्याकडचे समुपदेशक शिकवतात ती बहुतेक हीच.

तुम्ही पहिल्यांदा अशा उपचारासाठी जाणार असाल, तर तिथे काय होते ते आधी सांगतो. एकच ठरावीक त्रास निवडायचा, उदाहरणार्थ लिफ्टची भीती. तो आत्ता किती जाणवतो, याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. मग तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर थोपटत म्हणायचे, ‘मला लिफ्टची भीती वाटते, तरीही मी स्वतःला मनापासून स्वीकारतो.’ त्यानंतर भुवईची आतली कड, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळपट्टीचे हाड, काखेखाली आणि टाळू, अशा प्रत्येक ठिकाणी पाच-सात वेळा थोपटायचे, तोंडाने ‘ही लिफ्टची भीती’ म्हणत राहायचे. एक फेरी झाली की पुन्हा आकडा द्यायचा. आठाचा पाच झाला तर पुढची फेरी. दुखत नाही, औषध नाही, सुई नाही.

आणि पुष्कळांना खरोखर बरे वाटते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांना बरे वाटले त्यांना खोटे ठरवायचा माझा हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की बरे वाटते ते कशामुळे.

समर्थकांचे उत्तर असते: शरीरातल्या ऊर्जेचा प्रवाह अडला होता, थोपटल्याने तो मोकळा झाला. इथे ‘ऊर्जा’ हा शब्द विज्ञानातून उचललेला आहे, अर्थ मात्र तिकडेच राहिला आहे. विज्ञानातली ऊर्जा ज्यूलमध्ये मोजता येते. शरीरातले विद्युत संदेशही मोजता येतात. डोक्यावर लावलेले इलेक्ट्रोड मेंदूतले मायक्रोव्होल्टइतके सूक्ष्म संदेश टिपतात. हृदयाचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा लाखो पटींनी क्षीण असते, तरी तेही उपकरणांच्या हाती लागते. इतक्या बारीक नजरेलाही मेरिडियनमधून वाहणारी ऊर्जा दिसलेली नाही. शरीरविच्छेदनातही रक्तवाहिन्या सापडतात, नसा सापडतात, लसिकावाहिन्या सापडतात, मेरिडियन सापडत नाहीत.

पण ऊर्जा दिसत नाही म्हणून उपचार लागू पडत नाही, असे म्हणणे घाईचे ठरेल. ते तपासायची एक सरळ युक्ती आहे: मुद्दाम चुकीच्या जागी थोपटून पाहायचे.

२००३ साली वेट आणि होल्डर या संशोधकांनी ११९ विद्यार्थ्यांवर हेच केले. एका गटाने ईएफटीचे खरे बिंदू थोपटले. दुसऱ्याने हातावरच्या, कुठल्याही वाहिनीशी संबंध नसलेल्या जागा. तिसऱ्या गटाने स्वतःला हातच लावला नाही, एका बाहुलीला थोपटले. चौथा गट कागदाचे खेळणे करत बसला. पहिल्या तिन्ही गटांची भीती सारखीच कमी झाली, कागदवाल्यांची झाली नाही. बाहुलीला थोपटूनही भीती उतरत असेल, तर त्याचे श्रेय भुवईवरच्या बिंदूला कसे द्यायचे?

मला याहून जास्त मोलाचा वाटतो तो मोनिका पिग्नोटी यांचा प्रयोग. कॅलहान यांच्या पद्धतीत ‘व्हॉइस टेक्नॉलॉजी’ नावाचा सर्वांत वरचा टप्पा होता. रुग्णाच्या आवाजावरून कोणते बिंदू कोणत्या क्रमाने थोपटायचे ते ओळखता येते, असा दावा, आणि ते शिकायची फी तब्बल १ लाख डॉलर. पिग्नोटी स्वतः हे प्रशिक्षण घेतलेल्या, या पद्धतीवर विश्वास असलेल्या. त्यांनी ६६ जणांचे दोन गट केले. एकाला आवाजावरून काढलेला क्रम दिला, दुसऱ्याला मनाला येईल तसा क्रम. २००५ मध्ये निष्कर्ष छापले गेले: दोन्ही गटांत ९७ टक्के लोकांनी त्रास पूर्ण गेल्याचे सांगितले. ज्या विद्येत आपली वर्षे घातली, तीच कसोटीला लावायची आणि उत्तर विरोधात आले तर ते छापायचे, याला धैर्य लागते. पिग्नोटी पुढे या पद्धतीच्या जाहीर टीकाकार झाल्या.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. २०१२ साली डॉसन चर्च आणि सहकाऱ्यांनी ८३ जणांवर केलेल्या अभ्यासात तासाभराच्या ईएफटीनंतर कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी सरासरी २४ टक्के उतरली, नुसत्या बोलण्याच्या गटापेक्षा जास्त. २०१८ मध्ये समर्थकांनी सहा अभ्यासांचा आढावा घेऊन बिंदूंवर थोपटण्याचा स्वतंत्र फायदा असल्याचे म्हटले. मात्र यातले संशोधक बहुतांशी स्वतःच ही पद्धत शिकवणारे आहेत. शिवाय पुष्कळ अभ्यासांत तुलना केली जाते ती प्रतीक्षायादीतल्या, म्हणजे काहीच उपचार न मिळालेल्या लोकांशी. काहीच न करण्यापेक्षा काहीतरी करणे चांगले, एवढेच त्यातून कळते.

मग बरे कशाने वाटते? थोपटणे बाजूला ठेवून उपचाराच्या त्या भेटीत आणखी काय काय घडले ते बघा. एरवी ज्या विचारापासून तुम्ही पळता, तो तुम्ही सुरक्षित जागी, आश्वासक माणसासमोर पुन्हा पुन्हा मनात आणला. भीती चढली, आणि काही वाईट न घडता उतरली. मानसशास्त्रात याला एक्स्पोजर म्हणतात. १९५०च्या दशकात जोसेफ वोल्पे यांनी भीतीला पायरीपायरीने सामोरे जायची पद्धत मांडली, आणि आकडा देऊन त्रास मोजायची रीतही त्यांचीच. ‘ही भीती’ असे शब्दांत म्हटले, की भावनेला नाव मिळते. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७च्या मेंदूचित्रण अभ्यासात भावनेला नाव देताना अमिग्डाला या भीतीशी निगडित मेंदूतल्या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. हाताला एक लयबद्ध काम मिळाल्याने लक्ष वाटले जाते. आपण थकून जातो तेव्हा कुणी पाठीवर थोपटले तरी बरे वाटतेच, त्यासाठी वाहिनीचा नकाशा लागत नाही. कधी त्रास आपोआपच ओसरायच्या बेतात असतो, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. आणि समोरच्याने इतक्या आपुलकीने विचारल्यावर आठाचा चार सांगावासा वाटणे हेही माणसाचेच मन.

आता कॅलहान यांच्या त्या रुग्णाकडे परत जाऊ. तलावाच्या काठाशी बसण्यापर्यंतचे ते दीड वर्ष गोष्टीतून नेहमी घाईने उरकले जाते. पण थोडे थोडे पाण्याजवळ जाणे हाच तर उपचार होता!

कुणी म्हणेल, गुण येतो ना, मग कारण काही का असेना. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण गुण न येणाऱ्या माणसात आहे. या पद्धतीत अपयशासाठी एक तयार शब्द आहे: ‘मानसिक उलटापालट’. म्हणजे तुमची ऊर्जा उलटी वाहते आहे, तुमच्याच आतले काहीतरी बरे व्हायला विरोध करते आहे. आधीच खचलेल्या माणसाच्या पदरात ही आणखी एक चूक पडते. शिवाय उपचार कधीच हरत नाही, म्हणून तो कधी तपासलाही जात नाही. एक्स्पोजरने फरक पडला नाही, तर पायरी लहान करता येते, औषधाचा विचार करता येतो, निदानच चुकले का ते पाहता येते.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: हे नाही जमले तर पुढे काय करायचे? विचारायला संकोच करू नका, पैसे आणि वेळ तुमचा आहे. समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हेही विचारा. चालू औषधे कुणाच्या सांगण्यावरून, स्वतःच्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. परीक्षेआधीची धडधड किंवा पालीची भीती यासाठी टॅपिंग करून पाहायला हरकत नाही. पण अत्याचार, अपघात, जवळच्याचा मृत्यू अशा जखमा उघडायच्या असतील, तर त्या पुन्हा शिवता येणारा प्रशिक्षित माणूसच समोर हवा. आणि जगणे नकोसे वाटत असेल, तर कोणत्याही थोपटण्याची वाट न पाहता १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लावा. तो चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येते.